फोनवरच्या "करून टाका" वर विसंबू नका

मॅडम, तालुक्याचं शिक्षण ऑफिस बंद असताना शाळांचं काम कसं चालवायचं, ही तुमची पोस्ट वाचून 2020 आठवलं. तालुक्याचं ऑफिस बंद, साहेबांचा फोन लागत नाही, एका शाळेत तांदूळ पडून आणि दुसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक रोज विचारतायत काय करू, अगदी हेच केंद्रप्रमुख म्हणून माझ्याकडे असलेल्या शाळांच्या गटात झालं होतं. ऑनलाइन माहिती, व्हॉट्सॲप ग्रुप वगैरे तुम्ही करतच असाल, ते सांगत बसत नाही.

मला महागात पडला तो तांदूळच. लॉकडाऊनमध्ये पोषण आहाराचं धान्य पालकांना वाटायचं होतं, एका वस्तीशाळेला कमी पडत होतं. शेवटी ऑफिसच्या साहेबांचा फोन लागला, ते म्हणाले, "शेजारच्या शाळेतून उचला, ऑर्डर नंतर काढू." मी चार कट्टे हलवले. 200 किलो, म्हणजे पहिली ते पाचवीला दिवसाला 100 ग्रॅम धरले तर 58 मुलांचे साधारण 34 दिवस. पोरांच्या घरी धान्य पोचलं याचं आजही समाधान आहे. पण ऑर्डर कधी निघालीच नाही, सांगणाऱ्या साहेबांची बदली झाली, आणि ऑडिटला मला विचारलं की लेखी आदेश कुठाय, रिकाम्या बारदानाचा, म्हणजे पोत्यांचा, हिशोब कुठाय! वसुलीची नोटीस माझ्या नावाने. ज्या ऑफिसने तोंडी सांगितलं त्याच ऑफिसने "आमच्याकडे नोंद नाही" असं लिहून दिलं, हे अजून पचत नाही मला.

म्हणून माझं स्पष्ट मत, ऑफिस बंद असलं तरी तुमचं जावक रजिस्टर, म्हणजे पाठवलेल्या पत्रांची नोंदवही, बंद ठेवू नका. फोन झाला की त्याच दिवशी "आज दूरध्वनीवर दिलेल्या सूचनेनुसार" असं पत्र करून जावक नंबर टाका आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसच्या ईमेलवर पाठवा. धान्य हलवायचंच असेल तर दोन्ही शाळांच्या व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, दोन्ही साठा नोंदवह्यांत त्याच तारखेला नोंद, कट्टे मोजताना पालकांसमोर पंचनामा. मार्च 2023 च्या जुन्या पेन्शनच्या संपात ऑफिस ओस पडलं तेव्हा मी असंच केलं, नंतर कुणी एक प्रश्न विचारला नाही.

अर्थात मी आता रिटायर आहे, नियम बदलले असतील, तुमच्या झेडपीची पद्धत वेगळी असेल, तेव्हा एकदा विस्तार अधिकाऱ्यांना विचारून घ्या. आणि हो, बारदान उंदरांनी कुरतडलं तर त्याचीही तेव्हाच नोंद करा, फोटोसकट.