‘ओ’ रक्तही जुळत नाही, तेव्हा

प्रश्न : धाकट्या बहिणीला सातवा महिना आहे, हिमोग्लोबिन ९. आजवर तिचा गट ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिला जायचा. आता रक्तपेढीवाले ‘बाँबे’ म्हणतात. ओ निगेटिव्ह तर सगळ्यांना चालतं ना? बाळंतपण सोलापुरातच करायचं आहे.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तिला नाही चालणार. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हा लाल पेशींवरच्या ‘डी’ या खुणेचा (अँटिजेनचा) मामला, इथे अडतंय ‘एच’ या दुसऱ्या खुणेवर. ओ गटाच्या पेशींवर एच भरपूर असतो. बाँबे गटात तो नसतोच, उलट त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं रक्तात तयार असतात. (१९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हा गट नोंदवला.) नुसत्या पेशी तपासल्या तर ए नाही, बी नाही, म्हणून ओ, असं ठरतं. तिच्या सीरममध्ये (पेशी वगळून उरलेल्या रक्तद्रवात) ओ पेशी टाकल्या की मात्र नळीत गुठळ्या धरतात. खऱ्या ओ गटात धरत नाहीत. अँटी-एच तपासणीसह लेखी रिपोर्ट घ्या आणि फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.

तिला बाँबे गटाचंच रक्त लागेल. दात्यासाठी व्हॉट्सॲपवर मेसेज फिरवण्याआधी सख्खी भावंडं तपासा, तुम्हीसुद्धा. प्रत्येकाचा गट जुळण्याची शक्यता साधारण चारात एक. आई-वडील नात्यातले असतील (मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही), तर चुलत-मामे भावंडंही बघा. पण रक्ताच्या नात्यातलं रक्त इरॅडिएशन (पिशवीवर किरणांचा मारा) केल्याशिवाय चढवू नये. दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णावर उलटू शकतात. क्वचित होतं, पण झालं तर बहुधा जीवावर बेततं. इरॅडिएशनची सोय जवळ कुठे आहे, ते रक्तपेढीला आत्ताच विचारा.

दाता मिळाला म्हणून लगेच रक्त काढायची घाई नको. पिशवी तिच्यातल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकते आणि पुरुष दात्याला पुन्हा ९० दिवस थांबावं लागतं. आज काढलेली पिशवी ऐन बाळंतपणात बाद झालेली असेल. नववा महिना लागला की तारीख धरा, दुसरा दाता तयार ठेवा. पुण्याहून पिशवी आणायची झाल्यास रक्तपेढीनं रक्तपेढीकडून, शीतपेटीतूनच. बर्फाला चिकटून गोठली तर पेशी फुटतात. इथे आल्यावर क्रॉसमॅच (दात्याचं रक्त तिच्याशी जुळतं का, ही तपासणी) पुन्हा करावाच लागतो, तोही ताज्या नमुन्यावर. प्लाझ्माची (रक्तातल्या द्रव भागाची) अडचण सहसा येत नाही.

दरम्यान हिमोग्लोबिन वाढवायला हातात दोनेक महिने आहेत. लोहाची गोळी चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. तेवढ्यानं भागत नसेल तर शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला.