प्रश्न तुमचे, उत्तरं माझी: बावीस गुण आणि तुरीच्या दोन ओळी

प्रश्न: मॅडम, मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातली. बी.कॉम. मराठीतून केलं, आता पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करते. फायनान्शियल इकॉनॉमिक्स हा विषय हौसेनं घेतला, पण पहिल्या चाचणीत ५० पैकी २२ पडले. सूत्रं पाठ आहेत, अर्थ मात्र लागत नाही. कोव्हेरिअन्स म्हटलं की डोळ्यांपुढे अंधार. वर्गातली मुलं मोबाइलवर शेअर घेतात-विकतात आणि म्हणतात, थिअरीचा बाजारात काही उपयोग नसतो. विषय बदलू का?

उत्तर: नको बदलूस. सूत्र पाठ आहे पण अर्थ लागत नाही, हे तुला कळलंय. माझ्या तीस वर्षांच्या शिकवण्यात ७० गुण मिळवूनही हे न कळलेली मुलं मी पुष्कळ पाहिली. मीसुद्धा मराठी शाळेतून आले. एम.ए.ला असताना एका प्राध्यापकांनी भर वर्गात सांगितलं होतं, ‘हे गणित तुम्हा मुलींना झेपायचं नाही.’ ते वाक्य मला अजून टोचतं. म्हणून तुझं पत्र आलं तशी आधी तुझ्याच उत्तराला बसले.

तू औशाची आहेस, तेव्हा सोयाबीनमध्ये तूर लावतात हे तुला मी काय सांगणार! चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. कशासाठी? सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं. ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली आणि शेंगा भरल्या नाहीत, तर ते गेलं. तुरीचं मूळ खोल जातं, ती पुढे थंडीपर्यंत रानात असते. मागाहून पाऊस आला तर ती सावरते. तुमच्याकडचा शेतकरी प्रत्येक पिकाचा धोका वेगळा मोजत बसत नाही. एक पडलं तर दुसरं उभं राहील का, हे तो आधी बघतो. ‘बरोबर पडतात की वेगवेगळी’ याचं जे माप, तेच कोव्हेरिअन्स. तेच माप उणे १ ते १ या पट्टीत बसवलं की झाला सहसंबंध.

आता वही घे. शाळेतलं आठव: (अ + ब)² = अ² + २अब + ब². दोन शेअर आहेत, दोघांचं प्रमाण विचलन (परतावा सरासरीपासून किती वर-खाली होतो, म्हणजेच धोका) २० टक्के, पैसे निम्मे-निम्मे. म्हणजे प्रत्येकाचा वाटा १० चा. आता लिही: १०० + १०० + (२ × १० × १० × सहसंबंध). दोघं अगदी बरोबरीनं वर-खाली होत असतील तर सहसंबंध १. बेरीज ४००, वर्गमूळ २०. दोन शेअर घेऊन धोका तसूभरही कमी झाला नाही. सहसंबंध शून्य असेल तर बेरीज २००, आणि धोका १४ च्या जरा वर. उणे १ असेल तर शून्य! तो मधला ‘२अब’ आहे ना, सगळा विषय तिथे बसलाय. हे कॅल्क्युलेटरशिवाय दहा वेळा कर, ०.५ घेऊन, उणे ०.३ घेऊन. हाताला सवय झाली की स्लाइडवरचा लांबलचक सिग्मा, म्हणजे बेरजेचं चिन्ह, तुला याच बेरजेचा थोरला भाऊ वाटेल.

हा विचार पहिल्यांदा नीट मांडला अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी. शिकागोला शिकत असताना ग्रंथालयात वाचता वाचता त्यांना एक गोष्ट खटकली. नुसता अपेक्षित परतावाच बघायचा असेल, तर शहाण्यानं सगळा पैसा सर्वांत जास्त परताव्याच्या एकाच शेअरमध्ये घालावा, असं गणित सांगत होतं. तसं तर कुणी करत नाही! त्यातून १९५२ साली त्यांचा लेख आला, अवघा पंधरा पानांचा. पुढे पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत नामवंत अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी हरकत घेतली, हे अर्थशास्त्रच नव्हे म्हणून. पदवी मिळाली, आणि १९९० मध्ये नोबेलही. तो लेख मिळव. आठवड्याला दोन पानं वाच. गाइडपेक्षा तो सोपा आहे हे मी मनापासून सांगते, कारण लिहिणाऱ्याला तेव्हा स्वतःला समजून घ्यायचं होतं.

आता ‘बाजारात उपयोग नाही’ याबद्दल. त्या मुलांचं एवढं खरं की सहसंबंध कायम तोच राहत नाही. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांना टेकलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये ९ हजारांखाली आला, तेव्हा बँका, सिमेंट, बांधकाम सगळंच कोसळलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते तुला आठवत असेल. असा दुष्काळ पडला की सोयाबीनही जातं आणि तूरही. पण अडचणीच्या वेळीच सगळं एकत्र का पडतं, हा प्रश्न थिअरी शिकलेल्यालाच विचारता येतो, आणि तुझ्या प्रबंधासाठी याहून चांगला विषय मला सुचत नाही. लातूर बाजार समितीतले सोयाबीन आणि तुरीचे दहा वर्षांचे भाव काढ, दरवर्षीचा बदल मांड, सहसंबंध हातानं काढ. मग दुष्काळी वर्षं वगळून पुन्हा काढ. दोन्ही आकडे मला पाठव, मी वाट बघते.

प्रश्न: मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणतो, कॉलेजात नुसती थिअरी, त्यापेक्षा ऑप्शन्स ट्रेडिंगचा साठ हजारांचा क्लास लावतो. काय करावं? (एक पालक, सांगली)

उत्तर: सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेनं, अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. हा आकडा त्याला रागावून नव्हे, शेजारी बसवून दाखवा. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या किमतीला, ठरावीक मुदतीत शेअर घ्यायचा किंवा विकायचा हक्क. त्याची किंमत कशी ठरते याचं ब्लॅक-शोल्स सूत्र १९७३ साली प्रसिद्ध झालं, आज ते पाठ्यपुस्तकात आहे आणि कॉलेजच्या ग्रंथालयात फुकट मिळतं. त्यात मुदत संपायला उरलेला वेळ कुठे येतो आणि दिवस सरतील तशी ऑप्शनची किंमत का झिजते, एवढं त्यानं तुम्हाला कागदावर समजावून सांगावं. ते जमेपर्यंत फी भरू नका. आणि भरायचीच वेळ आली, तर आधी क्लासच्या सरांकडे त्यांच्या स्वतःच्या ट्रेडिंगचा तीन वर्षांचा नफा-तोट्याचा हिशेब मागा, आयकर विवरणपत्रासकट.