बांधावरून : दिवाळीत हुरडा मिळेल का हो?

(शेतीचा हंगाम, गावचे सण आणि शहरातून गावाकडे जाणाऱ्यांचे प्रश्न. उत्तरं देतात कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या आणि आता औसा तालुक्यात स्वतः शेती करणाऱ्या काकू.)

प्रश्न : काकू, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना हुरडा पार्टीला न्यायचा बेत आहे. एकजण सहा वर्षांचा, एकजण दहा. एका ठिकाणी फोन केला तर माणशी बाराशे रुपये म्हणाले, हुरडा 'अनलिमिटेड'. पुण्यापासून दोन-तीन तासांत दुसरं काही सुचवाल का?
— एक वाचक, कोथरूड

दिवाळीत हुरडा नसतो. एवढं कळलं तरी चार माणसांचे पैसे वाचले.

हुरड्याची ज्वारी रब्बीची. तिची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, पाऊस वाफसा देईल तशी. दिवाळीत ती गुडघ्याला नाहीतर मांडीला लागते. मग पोटरीत येते, निसवते, फुलोरा धरते, दाणा चिकात भरतो. नखाने दाबल्यावर दाणा फुटला पाहिजे, पण दूध उडता कामा नये. तो मधला थोड्या दिवसांचा काळ हुरड्याचा. पेरणीपासून तीन महिने तरी धरा. म्हणजे लवकरात लवकर नाताळ, खरा हंगाम जानेवारीचा, मागास पेरलेल्या रानात फेब्रुवारीचाही. नोव्हेंबरात कुणी 'अनलिमिटेड' हुरडा देत असेल तर तो पाणी देऊन आगाप घेतलेला असेल, नाहीतर गेल्या हंगामातला गोठवलेला, तव्यावर गरम करून वाढलेला. विष नाही ते, खा खुशाल. पण आगटीतून काढलेलं कणीस तळहातावर चोळताना जे चटके बसतात, त्यासाठीच मुलांना न्यायचं ना?

जानेवारीत जाल तेव्हा यजमानाला एवढंच विचारा, वाण कुठला? गुळभेंडी, सुरती, कुची-कुची असं गावरान नाव आलं, किंवा राहुरीचा 'फुले मधुर', परभणीचा 'परभणी वसंत' असं काही म्हणाला, तर गाडी काढा. मालदांडी म्हणाला तर थोडं थांबा. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी मी कुणालाही पैजेवर खायला घालीन, पण हुरड्याला दाणा बोंडातून सहज सुटला पाहिजे, ते या हुरड्याच्या वाणांचं काम. आणि आगटी गोवऱ्यांची आहे का, तेही बघून घ्या. गॅसवर भाजलेल्या हुरड्यासाठी वल्लभनगरहून एसटी पकडायची गरज नाही.

आता दिवाळीचं. दिवाळीत भाताकडे जा. तुम्हाला लांब जावं लागणार नाही, मावळ आहे, मुळशी आहे, भोर-वेल्ह्याचा पट्टा आहे. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कापणी चालते. पवनेच्या खोऱ्यात इंद्रायणी पिकून उभी असताना नुसतं बांधावरून चाललात तरी वास येतो. सकाळी दव ओसरल्यावर पोचा, कारण ओल्या भाताला कुणी विळा लावत नाही. कापलेलं भात दोन-तीन दिवस वावरात पसरून वाळू देतात, मग भारे बांधून खळ्यावर झोडणी. कापणाऱ्यांच्या मागोमाग बगळे चालतात, उडालेले किडे टिपायला. तुमच्या सहा वर्षांच्याला भातापेक्षा तेच आवडतील, पैज लावा. मुलांच्या हाती विळा देऊ नका. झोडणी झालेल्या पेंढ्यावर मात्र हवं तेवढं लोळू द्या. अंग खाजतं, रात्री गरम पाण्यानं जातं.

पैसे द्यायचेच असतील तर तिथल्या तिथं तांदूळ घ्या, आणि दुकानातल्या भावाशी घासाघीस करू नका. नव्या तांदळाला पाणी बेतानं घाला, नाहीतर गिचका होईल आणि शिव्या शेतकऱ्याला पडतील.

प्रश्न : सासूबाई रत्नागिरीच्या. कोजागरीला दाराला 'नवं' बांधलंच पाहिजे म्हणतात. आम्ही घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर. मागच्या वर्षी दादरहून झेंडूचं तोरण आणलं तर त्या म्हणाल्या, हे नव्हे. नेमकं काय बांधायचं? आणि त्या निमित्तानं गावी जाऊन मुलांना भात कापायला लावलं तर?
— एक वाचक, ठाणे

सासूबाईंचं बरोबर आहे. माझं माहेर संगमेश्वरचं, त्यामुळे मी त्यांच्याच बाजूची, हे आधी सांगून टाकते.

आश्विन पौर्णिमा तुमच्याकडे दुधाची आणि चंद्राची. कोकणात तीच नवान्न पौर्णिमा. तोवर हळवं, म्हणजे लवकर येणारं, भात पिवळं झालेलं असतं. त्याच्या लोंब्या, नाचणीचं आणि वरीचं कणीस, कुरडूचा तुरा, झेंडू आणि आंब्याचं पान, अशी एक जुडी करायची. ती दाराला, देव्हाऱ्याला, धान्याच्या कणगीला, गोठ्याला, नांगराला. आमचा भाऊ आता मोटारसायकलच्या हँडललाही बांधतो आणि आई त्याला काही म्हणत नाही. नव्या तांदळाची खीर होते आणि घरातलं माणूस नवं अन्न त्या दिवशी पहिल्यांदा तोंडात घालतं. गावागावांत यात फरक आहे. कुणाकडे नवं दसऱ्यालाच बांधतात, कुणाकडे जुडीत बांबूचं पान असतं. म्हणून माझी यादी सासूबाईंपुढे नाचवू नका, त्यांची त्यांना विचारा आणि तशीच करा.

लोंब्या दादरच्या फुलबाजारात दसऱ्याच्या आधीपासून मिळतात, फक्त झेंडूच्या ढिगामागे बघावं लागतं. नाचणी-वरीचं कणीस मात्र गावाहून येणाऱ्याकडूनच मागवा. वर्षभर जुडी तशीच राहू दे. चौदाव्या मजल्यावर चिमण्या येऊन दाणे टिपू लागल्या तर हाकलू नका. पुढच्या वर्षी नवीन बांधताना जुनी उतरवून कुंडीत मोडून टाका. एखादा दाणा रुजला तर मुलांना भाताचं रोप घरातच दिसेल.

गावी जाऊन भात कापायचं म्हणता, तर जा, पण अनवाणी नको. आमच्या लहानपणी सगळे अनवाणीच होते, खरं आहे, पण आमचे तळवेही तसेच होते. चिखलाच्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो आणि पायावर जखम असेल तर धोका वाढतो. नंतर ताप आला तर 'भातात उतरलो होतो' हे डॉक्टरांना न विचारता सांगा. दुसरं, फुरसं, हा विषारी साप. कापलेल्या भाताचा भारा उचलताना आधी काठीनं हलवायचा आणि मगच हात घालायचा. ही गोष्ट गड्याला कुणी शिकवावी लागत नाही, पाहुण्याला लागते.

प्रश्न : भाऊबीजेला वडशाला बहिणीकडे जाणार आहे. 'मंडई बघायलाच पाहिजे' असं सगळे म्हणतात. नेमकी कुठल्या तारखेला असते?
— एक वाचक, नागपूर

एक तारीख नसते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे दिवाळीच्या पाडव्यापासून मंडई, म्हणजे जत्रा, लागते, आज या गावात, उद्या त्या गावात. भात घरात येत असतो, हातात चार पैसे असतात, आणि सोयरीक जुळवायलाही हीच वेळ. तारीख बहिणीलाच विचारा, तिच्या गल्लीत पाठ असते.

दिवसा बाजार आणि दंडार (तिकडचं लोकनाट्य) बघा, पण झोप दुपारीच काढून ठेवा. वडसा म्हणजे झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचं गाव. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतं. या नाटकांतले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा इकडच्या लोकांना कळलं की असं काही आहे म्हणून. माझी नणंद तिकडेच दिली आहे. ती म्हणते, अंगावर घ्यायला चादर आणा आणि मधे उठून जाऊ नका, लोक बघतात.

प्रश्न : मी मूळचा निलंगा तालुक्यातला, नोकरी हैदराबादला. ऑफिसातले आठ-दहा जण येळवशीला (वेळ अमावस्येला) गावी यायचं म्हणतात. दोन-तीन तेलुगू, एक बंगाली, बाकी पुण्या-मुंबईचे. आई म्हणते, आण. वडील २०२५च्या सप्टेंबरातल्या पाण्यानं सोयाबीन गेलं तेव्हापासून गप्पच आहेत, म्हणतात, कशाला तमाशा. काय करू?
— एक वाचक, हैदराबाद

आधी वडिलांशी बोल. फोनवर नको, दिवाळीला घरी जाशील तेव्हा, दोघंच रानात असताना. त्या सप्टेंबरात आपल्याकडे काय झालं ते तू हैदराबादहून बातम्यांत बघितलंस, त्यांनी बांधावर उभं राहून बघितलंय. शेंगा जागेवर उगवल्या, कुठं मातीच वाहून गेली. तरीही त्या डिसेंबरात येळवस झालीच की. खोप उभी राहिली, आंबील झालं. सण पीक आलं म्हणून होत नाही, रब्बी उभी आहे म्हणून होतो. हे तू त्यांना सांगायला जाऊ नकोस, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू एवढंच विचार, 'बाबा, माणसं आणली तर चालतील का? फोटोबिटो काढणार नाहीत, जेवतील, जातील.' ते 'बघू' म्हणाले तर हो समज. 'कशाला' म्हणाले तर यंदा नको. पुढच्या वर्षीही अमावस्या येणार आहे.

'हो' आलं, असं धरून पुढचं सांगते. तारीख नीट बघ. मार्गशीर्ष अमावस्या २०२४ला ३० डिसेंबरला होती, २०२५ला १९ डिसेंबरला. २०२६च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे ही येळवस २०२७च्या जानेवारीत, पहिल्या आठवड्यात जाते. डिसेंबरच्या सुट्ट्या टाकून बसशील आणि फसशील.

सगळ्यांना आदल्या संध्याकाळी गावात आण. आई 'काही नको करू' म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. दहा पाहुण्यांची भज्जी म्हणजे तुरीचे आणि वालाचे दाणे सोलणं, ओला हरभरा, गाजर, वांगी, मेथी, कांद्याची पात निवडणं. त्या बंगाली मुलाला दाणे सोलायला बसव, तुझ्या आईची आणि त्याची भाषा एक नसली तरी दोन तासांत गप्पा जमतील. ज्वारीचं आंबील तोवर आंबत ठेवलेलं असेल. सकाळी बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर. बेसन आणि ताक लावलेली ती भज्जी पहिल्यांदा बघितल्यावर शहरातलं माणूस जरा बिचकतं. दुसऱ्यांदा स्वतःहून मागतं.

रानात जाताना आंबिलाचं बिंदगं (घागर) पोरांपैकी एकानं उचलावं, डोक्यावर, गाडीच्या डिकीत नव्हे. कडब्याची खोप वडील आदल्या दिवशी करतील, त्यांच्या हाताखाली तू राहा. आत चुना लावलेले पांडव (पाच दगड) मांडायचे, पूजा झाली की ज्वारी-हरभऱ्यावर आंबील शिंपडत 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत फेरी. आपल्या गावातसुद्धा दोन भावकींचे शब्द जुळत नाहीत, तेव्हा कुणी अर्थ विचारला तर हस आणि म्हणायला लाव. तुझ्या तेलुगू मित्रांना सांग, तुमच्या वाटेवरच बिदर आहे, तिथेही त्या दिवशी लोक रानातच असतात.

त्या दिवशी कुणीही कुणाच्याही खोपीत जेवू शकतो, वाटसरूलासुद्धा हाक मारून बसवतात. लातूर शहर दुपारी ओस पडतं, सगळे कुणाच्या ना कुणाच्या रानात. म्हणून मित्रांना तुमच्याच खोपीत बसवून ठेवू नकोस, शेजारच्या दोन-तीन खोपींवर फिरव. दोन घास तरी खावेच लागतील, नाही म्हटलं तर लोक मनाला लावून घेतात. पण तू सकाळी कमी जेवायला सांग, ते ऐकणार नाहीत आणि मग बाजेवर पडतील, ते वेगळं. संध्याकाळी हेंडगा, म्हणजे गवताची चूड, पेटवून पिकाभोवती फिरवतात, तेवढं बघूनच निघा. चारला हैदराबादची गाडी गाठायची घाई केलीत तर अर्धी येळवस राहिली.

पैशांचं कुणीतरी विचारेलच. आईच्या हातात पैसे देऊ नयेत, ती रागावेल. येताना पाच किलो चांगला गूळ, खोबरं, आणि वडिलांसाठी एक बरीशी टॉर्च आणा. रब्बीला रात्रीची लाईट असते, पाणी द्यायला अंधारात जावं लागतं, ती रोज हातात राहील.

आणि ड्रोन घरी ठेवा.

प्रश्न : रस्त्याकडेच्या शेतात तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचा ढाळा दिसला तर थोडा तोडून खाल्ला तर काय बिघडतं? आमच्या लहानपणी चालायचं.
— एक वाचक, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

तुमच्या लहानपणी त्या रस्त्यानं दिवसाला चार सायकली जात होत्या. आता शनिवार-रविवारी चारशे गाड्या जातात, आणि प्रत्येकाला 'थोडाच' हवा असतो. कडेच्या चार ओळी हल्ली कुणी आपल्या म्हणून मोजत नाही.

हाक मारा. शेतात कुणी ना कुणी असतंच, नसलं तर विहिरीकडे बघा. मागितलात तर मूठभर मागाल आणि पिशवीभर मिळेल. वर पाणीही विचारतील.