आजी एकच, प्रोफाइल तीन

प्रश्न : फॅमिलीसर्च या सामायिक वंशावळीच्या साइटवर आमची आजी तीन जागी दिसते. एकदा माहेरच्या नावानं, एकदा सासरच्या, एकदा नुसती ‘बाई’. साइट सुचवते त्या संभाव्य दुबार नोंदींत, ‘पॉसिबल डुप्लिकेट्स’मध्ये, मात्र काहीच येत नाही. दुबार नोंदी शोधायच्या कशा, अन् एक करताना काय सांभाळायचं?
– एक वाचक, ता. कारंजा, जि. वाशीम

उत्तर : साइट नाव, तारीख, ठिकाण, नातलग ताडून पाहते. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, पुष्कळदा नावही. माहेरची गंगू सासरी सुभद्रा झाली, की मशीनच्या लेखी त्या दोन बाया. म्हणून आजीला तिच्या लेकरांवरून शोधा. प्रत्येक मुलाचं पान उघडा. एकाच मुलाला दोन आया किंवा आजोबांना दोन बायका दिसल्या, की थांबा. दुसरी बायको खरंच असू शकते, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. मग तिच्या भावांच्या पानांवरून माहेरची बाजू तपासा.

जिल्हा वेगळा दिसला म्हणून माणूस वेगळा समजू नका. १९९८ पर्यंत तुमचं कारंजा अकोला जिल्ह्यातच होतं. रोमन लिपीत वानखडे कोणी डब्ल्यूनं लिहितो, कोणी व्हीनं. रामा, रामाजी, रामराव हेही एकच असू शकतात. उलट, १ जुलै ही जन्मतारीख दोन्हीकडे जुळली तर तो पुरावा धरू नका; शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख किती जणांना दिली असेल!

पुरुषांत धोका उलटा. नातवाला आज्याचं नाव ठेवतात. महादेव विठोबाचा मुलगा विठोबा महादेव, त्याचा पुन्हा महादेव विठोबा. आजा आणि नातू, पूर्ण नाव तेच! बायकोचं नाव अन् जन्मवर्ष जुळल्याशिवाय हात लावू नका. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल मिळाली, तर तिच्यात बापाचं नाव सापडतं. गुंता बहुतेक तिथंच सुटतो.

खात्री झाली की दोन्ही प्रोफाइलचे आयडी लिहून घ्या आणि ‘मर्ज बाय आयडी’ (आयडी देऊन दोन नोंदी एक करणं) वापरा. डावीकडची नोंद राहते, उजवीकडची जाते. जिला जास्त पुरावे जोडले आहेत ती डावीकडे घ्या, बाजू बदलता येते. उजवीकडचं माहेरचं नाव पर्यायी नाव म्हणून उचलायला विसरू नका, नाहीतर उद्या कोणी तीच आजी नव्यानं टाकेल. नोंदी का एक केल्या, ते कारण एका ओळीत लिहा. मर्ज झाल्यावर आईबाप दोनदा लटकलेले दिसतात. तेही तपासून एक करा. चूक झाली तर बदलांच्या यादीतून मागं घेता येतं, पण मधे इतरांनी फेरफार केले असतील तर डोकेदुखी होते.

हयात माणसांच्या नोंदी खाजगी असतात. तुमच्या चुलतभावानं टाकलेले काका तुम्हाला साधारणपणे दिसणार नाहीत, म्हणून ते दुबारच राहतील. नोंद दिसावी म्हणून जित्या माणसाला ‘मृत’ करू नका.