गावठी अंडी महाग, मग गावठी माणूस?

प्रिय सोनू,

काल आजीशी व्हिडिओ कॉल झाल्यावर तू विचारलंस, "बाबा, आजी म्हणते गावठी अंडी भारी असतात. मग ताईला कॉलेजमधल्या मुली गावठी म्हणाल्या तर ती का रडली?" उत्तर नीट द्यायचं होतं, म्हणून लिहून देतोय.

गावठी म्हणजे गावचं. आजीच्या परड्यातली कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते आणि वर्षाला जेमतेम 50-60 अंडी देते. पोल्ट्रीतली 300च्या घरात देते. म्हणून आजीचं अंडं महाग. इथे मेलबर्नमध्ये आपण 'फ्री रेंज'ला जास्त पैसे मोजतो, तसंच. लसूणही गावठीच हवा. पाकळी नखाएवढी, सोलता सोलता बोटं चिकट होतात, पण ठेच्याला तोच लागतो.

पेपरात मात्र 'गावठी कट्टा' म्हणजे चोरून बनवलेलं पिस्तूल, 'गावठी दारू' म्हणजे हातभट्टीची. आणि गाईगुरांत बघ. खिल्लार, देवणी, डांगी या नावाजलेल्या जाती. ज्या गाईला असं नाव नाही ती गावठी. खरी मेख इथे आहे. माणसाला गावठी म्हणतात तेव्हा त्याला वळण नाही, रीतभात नाही, तो आपल्यातला नाही, असं सुचवायचं असतं.

मी 17 वर्षांचा असताना साताऱ्याकडच्या आपल्या गावातून पुण्याला शिकायला गेलो. पहिल्याच आठवड्यात वर्गात म्हणालो, "सर, मी काल आलो व्हतो." मागच्या बाकावरून कुणीतरी 'गावठी' म्हणालं आणि वर्ग हसला. पुढे महिनाभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. खोलीवर एकटा 'होतो, होतो' घोकत बसायचो. दिवाळीला घरी गेलो तर आजीशीही तसंच बोललो. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "पाव्हण्यावानी का बोलतुयास रं?" म्हणाली. तो पिठाचा हात मला अजून दिसतो.

आजीनं दिलेला ठेचा तीच मुलं दोन दिवसांत फस्त करायची, "एकदम गावठी चव!" म्हणत. ठेचा गावचा हवा आणि तो कुटणारीचं बोलणं नको, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

'व्हतो' ही चूक नाही गं, आपल्याकडची बोली आहे. परीक्षेत 'होतो' लिही, पण 'व्हतो' ऐकून कुणाला हसू नकोस. आजीचा फोन आला की मी वेगळं का बोलतो, असं तू नेहमी विचारतेस. ते माझं घरचं बोलणं.

रविवारी ताईला फोन लावू. तू आधी बोल. "काय करतीयास गं?" एवढंच म्हण. जमेल तुला, आजीचं ऐकलंयस की.

तुझा,
बाबा