आधी सांगितलं तर घाबरेल ना?

"मॅडम, तिला आम्ही काहीच सांगितलेलं नाही. फिरायला जायचंय असं सांगून थेट हॉस्पिटलमध्ये नेऊ. एकदा भूल दिली की तिला काही कळणार नाही."

साडेपाच वर्षांच्या मुलीची आई बोलत होती. टॉन्सिलचं ऑपरेशन आठ दिवसांवर आलं होतं. टॉन्सिल एवढे वाढले होते की मुलगी रात्रभर घोरायची, झोपेत मध्येच श्वास अडकायचा आणि दचकून उठायची. ऑपरेशन करायचं की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरलं होतं. ऑपरेशनआधी मुलांच्या मनाची तयारी करून घेणं हे माझं काम. माझ्याकडे आले होते ते एकाच प्रश्नासाठी: सांगायचं का? लहान मुलांचे आई-वडील मला हे इतक्यांदा विचारतात, की या मुलीची गोष्ट लिहून ठेवावीशी वाटली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

"तिला खरंच काही माहीत नाही?" मी विचारलं.

"नाही हो. तिच्यासमोर आम्ही विषयच काढत नाही."

मी मुलीजवळ चटईवर बसले. माझ्याकडे एक कापडी अस्वल असतं. ते तिच्या हातात देऊन म्हटलं, "याचा घसा दुखतोय." तिने लगेच अस्वलाचं तोंड तळहाताने घट्ट दाबून धरलं. "याने तोंड उघडायचं नाही. उघडलं की डॉक्टर आवाज काढून टाकतात."

आईचा चेहरा पडला. हळूहळू उलगडत गेलं. आई फोनवर बहिणीला म्हणाली होती, "घशातलं काढून टाकणार आहेत." बाबा एकदा गमतीने म्हणाले होते, "एवढी बडबड केलीस तर डॉक्टर घसाच काढून घेतील." दोन वाक्यं जोडून पोरीने आपली एक गोष्ट तयार केली आणि कित्येक दिवस ती एकटीच मनात घेऊन फिरत होती. त्यात 'भूल' हा शब्द. आजी काही विसरली की म्हणायची, "भूल पडली गं मला." तेव्हा भूल दिली की आपण आईला विसरणार, असा तिचा सरळ हिशोब. शेवटी अस्वलाच्या कानाशी लागून ती म्हणाली, "तू गुपचूप आईस्क्रीम खाल्लंस ना, म्हणून."

या वयाची मुलं जे घडतं त्याचं कारण स्वतःत शोधतात. आजारपण ही त्यांना शिक्षा वाटते. म्हणून माझ्या सांगण्यात पहिलं वाक्य हेच असतं: हे तुझ्यामुळे झालेलं नाही, तू काहीही चुकीचं केलेलं नाहीस. हे एकदा सांगून भागत नाही.

पण मुलांना खरं सांगण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. टॉन्सिल काढल्यावर मुलाला एक काम स्वतःच करावं लागतं, ते दुसरं कुणी करू शकत नाही: दुखत असताना गिळायचं. पाणी गिळायचं, औषध गिळायचं. पुरेसं पाणी गेलं नाही की घसा कोरडा पडतो, दुखणं वाढतं, मूल आणखी पीत नाही. त्या वेळी "एक घोट घे, मग थोडं बरं वाटेल" या आईच्या शब्दावर मुलाने विश्वास ठेवावा लागतो. "फिरायला जातोय" असं सांगून फसवलेलं मूल त्या शब्दावर का विश्वास ठेवील?

कधी सांगायचं, तर दोन-तीन वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी पुरे, चार ते सहा वर्षांच्या मुलाला साधारण चार-पाच दिवस, त्याहून मोठ्यांना आठवडाभर किंवा अधिक. या मुलीच्या डोक्यात गोष्ट आधीच शिरली होती, म्हणून आम्ही त्याच दिवशी सुरुवात केली.

मी म्हटलं, "घशात मागे दोन गोळे आहेत. ते फार मोठे झालेत, म्हणून रात्री श्वास अडतो. डॉक्टर ते तोंडातूनच काढतात, बाहेर कुठेही जखम होत नाही. त्या वेळी औषधाने तुला खास झोप लागेल. रात्रीच्या झोपेत आवाज झाला तर तू उठतेस, या झोपेत काहीच जाणवत नाही. काम झालं की डॉक्टर जागं करतात. आई तुला आठवेल आणि तुझा आवाज तुझ्याकडेच राहील." आवाज काही दिवस थोडा वेगळा, नाकातून आल्यासारखा वाटू शकतो, हेही सांगितलं. नाही तर जागी झाल्यावर तिला वाटलं असतं, की आपलंच खरं होतं.

"दुखेल का?" तिने विचारलं. आई घाईने "नाही गं" म्हणणार होती, मी हाताने थांबवलं. "हो, दुखेल. त्यासाठी औषध आहे. दुखलं की आईला सांगायचं. बोलावंसं वाटलं नाही तर बोटांनी दाखवायचं, एक बोट म्हणजे थोडं, पाच म्हणजे खूप." मग अस्वलाला मास्क लावला, मनगटाला पट्टी बांधली, हाताला सलाईनची नळी चिकटवली. तीनदा. चौथ्यांदा तिने मला लावला.

आई-वडिलांशी वेगळं बोलले. ऑपरेशनआधी उपाशी राहावं लागतं. बहुधा खाणं 6 तास आधी आणि साधं पाणी 2 तास आधी थांबवतात, पण भूलतज्ज्ञ सांगतील तीच वेळ पाळायची, आणि "एक बिस्कीट खाल्लं तर काय होतंय" असं घरातल्या कुणीही म्हणायचं नाही. पोटात अन्न असलं तर ते भुलेत श्वासनलिकेत जाऊ शकतं. जागी होताना मूल हातपाय झाडून किंचाळू शकतं, आईलाही ओळखत नाही असं वाटतं. भूल उतरताना लहान मुलांत हे दिसतं, बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत शांत होतं आणि मुलाला नंतर आठवतही नाही. हे माहीत नसलेली आई मात्र ते विसरत नाही.

खरा कस घरी लागतो. पहिले दोन दिवस बरे जातात, सगळ्यांना वाटतं सुटलो. मग तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दुखणं वाढतं, कधी आठवडाभरही टिकतं. कान दुखतो, पण ते दुखणं बहुधा घशाचंच असतं, कारण दोन्हीकडची जाणीव वाहून नेणारी नस एकच आहे. घशात पांढरट पिवळी खपली दिसते, तोंडाला वास येतो. तो पू नाही, जखम भरतेय. दुखणं वाढायची वाट न पाहता औषध डॉक्टरांनी दिलेल्या वेळांना द्यायचं. घरात उरलेलं खोकल्याचं औषध मात्र मनाने द्यायचं नाही. काही औषधांत कोडीन असतं, म्हणजे खोकला आणि दुखणं कमी करणारं अफूच्या जातीचं द्रव्य. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर त्याने मुलांचा श्वास मंदावून मृत्यू ओढवल्यामुळे 2013 साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्याविरुद्ध कडक इशारा दिला, आणि 2017 मध्ये 12 वर्षांखालील मुलांना ते देऊच नये असं जाहीर केलं.

रक्ताबद्दल मी नेहमी थांबून बोलते. तोंडातून ताजं लाल रक्त आलं, किंवा मूल वारंवार गिळत असेल आणि उलटीत रक्त दिसलं, तर रात्र असो की पहाट, तडक हॉस्पिटल गाठायचं. थांबलं तरी जायचं. खपली सुटायच्या दिवसांत, म्हणजे पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास, हा धोका असतो. मूल कितीतरी तास लघवीला गेलं नाही, मलूल पडलं, काहीच पीत नाही, तरीही फोन करून विचारायचं.

जाण्याआधी आम्ही कागदावर 14 चौकोन आखले. दोन आठवडे शाळा नाही, म्हणून. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या चौकोनात मुलीने ढग काढले. "हे जास्त दुखायचे दिवस," मी म्हटलं. मधल्या एका चौकोनात तिने आईस्क्रीम काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. आईने वर्षभर गार खायला बंदी घातली होती. आईने तिला जवळ घेऊन सांगितलं, की आता गार चालेल, गाराने घशाला बरं वाटतं, आणि आधीही ते तिच्यामुळे झालं नव्हतं. मी सांगण्यापेक्षा ते आईच्या तोंडून येणं गरजेचं होतं.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी रात्री आईचा फोन आला. दिवसभर पोरीने जेमतेम काही घोट घेतले होते. लघवी होत होती, रक्त नव्हतं, डॉक्टरांशीही बोलणं झालं होतं. आईला फक्त कुणाशी तरी बोलायचं होतं. "सकाळी मीच रडले मॅडम. तर तिने उठून कागदावर बोट ठेवलं. ढगावर. आणि स्वतःच कप उचलला."

दहाव्या दिवशी पुन्हा फोन वाजला. पलीकडून नाकातला, जरा घोगरा आवाज आला, "मावशी, अस्वलाला सांग. आहे आवाज."