एक्सेल फाईली नवीन सर्व्हरवर हलवल्या आणि सगळ्या लिंक तुटल्या, मॅक्रोने एकदम दुरुस्त करता येतील का? की ब्रेक लिंक केलेलं चालेल?

ब्रेक लिंक, म्हणजे एका फाईलीतल्या सेलचा दुसऱ्या फाईलीशी असलेला दुवा कायमचा तोडणं, ते करू नका. हे आधी सांगून टाकतो, बाकीचं वाचलं नाही तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की जुना कॉम्प्युटर गेला, फाईली नवीन सर्व्हरवर टाकल्या, आता प्रत्येक फाईल उघडताना लिंक अपडेट करायच्या का विचारते, हो म्हटलं की सोर्स सापडत नाही म्हणते, आणि तुमच्या कॉम्प्युटरवाल्याने सांगितलंय की ब्रेक लिंक दाबा, मेसेज यायचा बंद होईल. होतो ना बंद. अगदी पहिल्या फटक्यात बंद होतो. तेवढं वाक्य वाचलं आणि डोकं फिरलं म्हणून लिहायला बसलोय, कारण हेच वाक्य, याच सुरात, आमच्या ऑफिसात एका पोराने साहेबांसमोर म्हटलं होतं आणि साहेबांनी माझ्याऐवजी त्याचं ऐकलं होतं.

मी दूध संघात अकाउंटला आहे. कुठल्या ते सोडा. आमच्याकडे प्रत्येक संकलन केंद्राची एक फाईल, त्यात सकाळ-संध्याकाळचं दूध, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), पशुखाद्याची कपात, अ‍ॅडव्हान्स, आणि दहा-दहा दिवसांचं बिल. दरपत्रकाची फाईल मात्र एकच, ती माझ्याकडे. केंद्राच्या प्रत्येक फाईलीत 'दर' नावाचं एक शीट, त्यातला एकेक सेल माझ्या दरपत्रकाला लिंक केलेला, आणि बिल त्या शीटवरून दर उचलतं. म्हणजे ३.५ फॅट ८.५ एसएनएफचा मूळ दर मी एका ठिकाणी बदलला, वरखाली पॉइंटचे दर बदलले, की सगळ्या केंद्रांत जायला पाहिजे. ही मांडणी मी केलेली आहे आणि ती चांगली आहे, कोणी काहीही म्हणो.

सर्व्हर बदलला तेव्हा आमचंही तुमच्यासारखंच झालं. ज्या केंद्रांचे ऑपरेटर जास्त कटकट करत होते त्यांच्या फाईली मेंटेनन्सवाल्या पोराने घेतल्या, 'दर' शीटचं प्रोटेक्शन काढलं (पासवर्ड काय, मॉनिटरलाच चिकटवलेला असतो), ब्रेक लिंक दाबलं, सेव्ह केलं, मेसेज बंद. ऑपरेटर खूश, साहेब खूश. उरलेल्या फाईली मी मॅक्रोने, म्हणजे एक्सेलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमने, सरळ केल्या. मॅक्रोची जी यादी निघाली त्यात काही फाईलींसमोर 'लिंक नाही' असं आलं. मी ती यादी साहेबांपुढे ठेवली की या फाईलींचा माझ्या दरपत्रकाशी आता काही संबंध राहिलेला नाही, दर बदलला की इथे बोंब होणार. साहेब म्हणाले, बिल तर बरोबर निघतंय की, आधी वाटप होऊ द्या.

बिल बरोबरच निघत होतं, तीच तर गोम आहे. ब्रेक लिंकने फॉर्म्युल्याच्या जागी त्या क्षणाचा आकडा बसतो. पुढे फॅट बदलली की दरही बदलतो, बेरीज जुळते, एरर कुठेच नाही. फक्त तो दरतक्ता त्या दिवशी होता तसा दगड झालेला असतो.

मग दर वाढला, लिटरमागे रुपया. मी दरपत्रक बदललं. बिलं गेली. आणि एका वाडीच्या केंद्राचा सचिव टेबलापाशी येऊन उभा. त्याने दोन पावत्या माझ्यासमोर ठेवल्या, एक त्याच्या केंद्राची, एक शेजारच्या गावाची, कुणा पाहुण्याकडून आणलेली. दोन्हीवर गाय, फॅट ३.८, एसएनएफ ८.६, आणि दरात बरोब्बर रुपयाचा फरक. म्हणाला, "साहेब, फॅट तीच, एसएनएफ तीच, मग आमच्या गाईनं काय पाप केलंय?" काय सांगणार? त्याची फाईल उघडली, 'दर' शीटवर गेलो, सेलवर क्लिक केलं. फॉर्म्युला बारमध्ये जिथे चौकटी कंसात माझ्या फाईलीचं नाव दिसायला पाहिजे तिथे नुसता आकडा. शेजारचा सेल, तोही आकडा. पूर्ण तक्ता आकडे. त्या पोराला फोन लावला तर म्हणतो, "सर, पण एरर तर येत नाहीये ना?"

फरकाची रक्कम पुढच्या बिलात द्यावी लागली, आणि ती काढत कोण बसलं हे सांगायला नको. त्या पोराला कुणी एका शब्दाने बोललं नाही.

असो. तुमचा प्रश्न. व्हीबीए, म्हणजे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती, तिचा एडिटर उघडता येतो आणि लूप लिहिता येतो असं धरून चालतो. आयता कोड देत नाही, कारण आयता कोड लोक न वाचता ओरिजिनल फाईलींवर चालवतात आणि मॅक्रोने केलेलं अनडू होत नाही. क्रम सांगतो, तेवढ्यावर लिहिता येईल.

पूर्ण फोल्डरची कॉपी काढा आणि कॉपीवर काम करा. मॅक्रो प्रत्येक फाईलीत घालू नका, एक वेगळी एक्सएलएसएम (मॅक्रो ठेवता येणारी) फाईल करा आणि त्यातून बाकीच्या उघडा. मॅक्रो दोन लिहा. पहिला फक्त वाचणारा. वर्कबुक्स डॉट ओपन करताना अपडेटलिंक्सला शून्य द्या म्हणजे तो प्रश्न विचारत बसणार नाही, मग लिंकसोर्सेसला (फाईलीतल्या लिंकची यादी देणारी आज्ञा) एक्सएल-एक्सेल-लिंक्स देऊन मिळालेली यादी एका शीटवर उतरवा, एका कॉलमात फाईलीचं नाव, दुसऱ्यात जुन्या लिंकचा पूर्ण मार्ग. लिंक नसेल तर लिंकसोर्सेस एम्प्टी देतं, ते आधी तपासलं नाही तर लूप टाईप मिसमॅचवर आपटतो, एरर १३. आणि जिथे एम्प्टी आलं ती फाईल सोडून पुढे जाऊ नका, तिचं नाव वेगळं लिहून ठेवा. लिंक असायला हवी तिथे नसेल तर तिकडे कुणीतरी आधीच ब्रेक लिंक करून गेलेलं आहे. ती फाईल कुठलाही चेंजलिंक (लिंकचा जुना पत्ता बदलून नवा घालणारी आज्ञा) परत आणणार नाही, चांगल्या फाईलीतून शीटचे फॉर्म्युले परत आणावे लागतात.

आता ती यादी डोळ्यांनी वाचा. एकाच दरपत्रकाचे तीन-चार वेगळे पत्ते निघतात, कारण एकाच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर झेड ड्राईव्ह असतो, दुसऱ्याच्या वाय, तिसऱ्याने डेस्कटॉपवर कॉपी घेऊन तिथूनच लिंक केलेली असते. ही डेस्कटॉपवाली लिंक कोणाला आठवतही नसते. प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर तिसऱ्या कॉलमात नवा पत्ता लिहा, आणि तो ड्राईव्हच्या अक्षराने नको, दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा सर्व्हरच्या नावाचा द्या. ड्राईव्हचं अक्षर ज्याने त्याने आपल्या मशीनवर दिलेलं असतं, त्यावर कसला भरवसा ठेवता.

दुसरा मॅक्रो तो तक्ता वाचून चेंजलिंक करतो. जुनं नाव लिंकसोर्सेसने दिलं तसंच्या तसं, नवं तिसऱ्या कॉलममधून. नवी सोर्स फाईल आधी उघडून ठेवा, काम भराभर होतं. शीट प्रोटेक्ट असेल तर चेंजलिंक १००४ एरर देऊन बसतो, म्हणून आधी अनप्रोटेक्ट, मग बदल, मग परत प्रोटेक्ट, आणि हे परत प्रोटेक्ट करणं विसरू नका नाहीतर महिन्याने दर ऑपरेटर ठरवायला लागतील. नव्या फाईलीत त्या नावाचं शीटच नसेल तर एक्सेल मध्येच खिडकी उघडून कुठलं शीट ते विचारतं आणि मॅक्रो तिथेच तुमची वाट बघत थांबतो, त्यामुळे रात्री लावून घरी जायचा विचार करू नका. नव्या सर्व्हरवर फोल्डरात फोल्डर करून ठेवले असतील तर पूर्ण पत्ता २१८ अक्षरांच्या आत राहतोय ना ते बघा, एक्सेलची मर्यादा तेवढीच आहे.

मराठी नावांचं आता. तो पोरगा साहेबांना असंही म्हणाला होता की फाईलींना मराठी नावं आहेत म्हणून मॅक्रो चालणार नाही, सगळ्या केंद्रांची नावं इंग्रजीत करून घ्या. खोटं आहे. व्हीबीएचा एडिटर जुना आहे, त्याला युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं ठेवायची पद्धत) येत नाही, त्यात 'दरपत्रक' टाईप केलं की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, मेसेज बॉक्समध्येही तेच. पण ही अडचण एडिटरची आहे. मार्ग सेलमध्ये लिहा आणि कोडने तो सेलमधून उचला, चेंजलिंक मराठी मार्ग निमूट घेतं. फाईल आहे की नाही हे बघायला डिर वापरू नका, ते मराठी नावावर फसतं, फाईलसिस्टिमऑब्जेक्ट वापरा. आणि नावं हाताने टाईप करू नका, कॉपी-पेस्ट करा, कारण 'ऱ्या' दोन पद्धतीने टाईप होतो, दिसतो अगदी सारखा आणि कॉम्प्युटरला मात्र वेगळा. आमच्या सगळ्या केंद्रांची नावं आजही मराठीत आहेत. सचिव लोक ती वाचतात, त्यांच्यासाठीच ती आहेत.

एवढं करूनही मेसेज येत राहिला तर लिंक सेलमध्ये नाही, दुसरीकडे लपलेली आहे. नेम मॅनेजरमध्ये (सेलना दिलेल्या नावांची यादी) बघा, आणि तिथे न दिसणारे, व्हिजिबल फॉल्स केलेले नेमही असतात, ते मॅक्रोनेच बाहेर काढावे लागतात, नेम्सवर लूप लावून रेफर्सटूमध्ये चौकटी कंस शोधा. नंतर डेटा व्हॅलिडेशन, कंडिशनल फॉरमॅटिंग, चार्टच्या सीरिज, आणि कुणीतरी हौसेने काढलेलं बटण ज्याला जुन्या फाईलीतला मॅक्रो जोडलेला आहे. गंमत म्हणजे व्हॅलिडेशन आणि कंडिशनल फॉरमॅटिंगमधली लिंक बऱ्याचदा ब्रेक लिंक दाबूनही जात नाही, म्हणजे ज्या मेसेजसाठी एवढं मोडून ठेवलं तो मेसेज परत आहेच.

कुणीतरी तुम्हाला इनडायरेक्ट हा फॉर्म्युला वापरायला सांगेल, पत्ता एका सेलमध्ये ठेवा, बदलला की सगळीकडे बदलेल. ऐकायला छान आहे, पण सोर्स फाईल बंद असली की रेफ एरर येतो, आणि ही लिंक लिंकसोर्सेसच्या यादीत दिसतही नाही. माझा भाचा म्हणतो पायथॉन शिका, साहेबांचे जावई म्हणतात तयार डेअरी सॉफ्टवेअर घ्या. घ्या की. घेईपर्यंत दर दहा दिवसांनी बिल निघायला पाहिजे ते एक्सेलमधूनच निघणार आहे. सोपा उपाय हवा असेल तर सोर्स आणि बाकीच्या फाईली एकाच फोल्डरात ठेवा, अशा वेळी एक्सेल पूर्ण पत्ता न धरता नुसतं नाव धरतं आणि पूर्ण फोल्डर एकत्र हलवला की लिंक शाबूत राहतात.

एक गोष्ट वर लिहायला पाहिजे होती, ती आत्ता सुचतेय. चेंजलिंक केलं की आकडे ताजे होतात. म्हणजे वाटून झालेल्या जुन्या बिलांच्या फाईलीही तुम्ही या मॅक्रोतून काढल्या तर जुन्या बिलात आजचा दर घुसेल आणि ऑडिटला कागद एक आणि फाईल दुसरंच सांगेल. तेव्हा बंद झालेल्या काळाच्या फाईली यातून बाहेर ठेवा, त्यांची एक कॉपी काढून त्या कॉपीत लिंक तोडायला माझी काही हरकत नाही, तिथे ब्रेक लिंक हेच बरोबर आहे. मी सुरुवातीला करू नका म्हटलं ते चालू फाईलींबद्दल. त्या पोरालाही मी हेच समजावत होतो, पण त्याला आणि साहेबांना अर्धंच ऐकू आलं.

आणि फाईली मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या असतील तर २०२२ नंतरचं ऑफिस त्यातले मॅक्रो सरळ अडवतं, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकची खूण करावी लागते. तुमच्या कॉम्प्युटरवाल्याने याला व्हायरस म्हटलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या, पण लिंकला हात लावायच्या आधी त्याच्याकडून फाईलींची यादी लिहून घ्या, खाली त्याची सही. आमच्याकडे आता मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये तसा कॉलमच पाडलाय, मीच पाडला, आणि साहेबांना तो अजून आवडलेला नाही.